मांजराला हार्नेस घालून बाहेर न्यावं का, आणि न्यायचं तर कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन वर्षांची, नसबंदी झालेली, घरातच वाढलेली मांजरी. दिवसभर खिडकीत बसून बाहेर बघते आणि संध्याकाळी दारापाशी जाऊन ओरडते. हार्नेस, म्हणजे दोरी अडकवण्यासाठी मान आणि छातीभोवती बांधायचा पट्टा, आणला, पण घातल्याबरोबर ती आडवी पडते; उचलून उभी केली तरी पुन्हा लोळण घेते. एकदा तशीच खाली नेली तर उभ्या गाडीखाली शिरली आणि बाहेर काढताना मालकाचा हात ओरबाडला. आता पुन्हा प्रयत्न करावा की नाद सोडावा?

प्रयत्न जरूर करा, पण झालं गेलं बाजूला ठेवून अगदी पहिल्यापासून. आणि एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. तुम्ही तिला कुठेही घेऊन जाणार नाही आहात. ती जाईल तिकडे तुम्ही तिच्या मागून जायचं आहे आणि ती थांबली की थांबायचं आहे. दोरी ओढायला नसते. तिने अचानक झेप घेतली तर ती रस्त्यावर जाऊ नये, एवढ्यापुरतीच ती असते. मांजरांच्या वर्तनाच्या तक्रारी बघण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. बाहेर नेण्याचा बेत फसलेल्या घरांत बहुतेक वेळा हीच एक गोष्ट उलटी झालेली दिसते: माणूस पुढे, मांजर मागे, आणि मधे ताणलेली दोरी.

याचं कारण मांजराच्या घडणीत आहे. आपलं पाळीव मांजर आफ्रिकी रानमांजराच्या वंशातलं. हे रानमांजर कळपाने राहत नाही. एकटं शिकार करतं आणि स्वतःचा इलाखा धरून असतं. ओळखीचा माणूस सोबत असला की कुत्र्याला नवी जागा सहसा चालते. मांजराला आधी जागा ओळखीची लागते, माणूस त्यानंतर. घरात तिने गाल, हनुवटी, कूस जिथे जिथे घासलेली असते तिथे तिचा वास असतो, आणि त्या वासात ती निर्धास्त असते. उंबरठ्याबाहेर तो वास संपतो. शिवाय मांजर शिकारी असलं तरी आकाराने इतकं लहान की मोठ्या जनावराचं भक्ष्यही होऊ शकतं. म्हणून धोका दिसला की पळायचं, उंचावर चढायचं किंवा लपायचं, हे त्याच्या रक्तातच आहे. दोरी बांधल्यावर या तिन्ही वाटा आपण बंद करतो.

ब्रिटनमधली आरएसपीसीए ही प्राणिकल्याण संस्था मांजराला दोरीवर फिरवण्याबाबत सावध आहे ती याच कारणाने. परिस्थिती आपल्या हातात आहे असं वाटणं मांजराला फार गरजेचं असतं, आणि दोरी नेमकं तेच हिरावून घेते. मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे. पण त्यामुळे हा विषयच सोडून द्यावा असं मला वाटत नाही. दोरीने जे काढून घेतलं ते तिला दुसऱ्या मार्गाने परत द्यायचं: कधी निघायचं, किती पुढे जायचं, कधी परतायचं हे तिला ठरवू द्यायचं. पुढे जे सांगते आहे ते सगळं यासाठीच आहे.

तिला यातून मिळतं काय? मुख्य म्हणजे वास. मांजरांच्या पशुवैद्यांच्या दोन संघटनांनी २०१३ मध्ये मांजराच्या परिसराच्या पाच मूलभूत गरजा मांडल्या. त्यांत शिकारीसारख्या खेळाची संधी आणि मांजराच्या घ्राणेंद्रियाचा मान राखणारा परिसर या दोन्ही आहेत. गवताच्या एका झुपक्यापाशी दहा मिनिटं नाक खुपसून बसलेलं मांजर आपल्याला कंटाळवाणं दिसतं. त्याच्या दृष्टीने ती भरगच्च सहल असते. मोकळं सोडण्याचे धोके तुम्हाला ठाऊक आहेतच: वाहनं, मारामाऱ्या, त्यांतून येणारे आजार. आणि पक्षी. अमेरिकेत मोकळी फिरणारी मांजरं दर वर्षी १.३ ते ४ अब्ज पक्षी मारतात, असा अंदाज २०१३ च्या एका अभ्यासात मांडला गेला. हार्नेस घातलेलं मांजर बाहेरचं जगही अनुभवतं आणि पक्षीही वाचतात.

प्रत्येक मांजराला मात्र हे मानवत नाही, आणि ते कसं ओळखायचं हे महत्त्वाचं आहे. घरात पाहुणा आला, भांडं पडलं, तर तुमची मांजरी काय करते ते बघा. दचकणं चालेल, सगळीच दचकतात. पण पाच-दहा मिनिटांत कान टवकारून काय झालं ते बघायला परत येत असेल तर ती बाहेर रमण्याची शक्यता चांगली आहे. पाहुणा गेल्यावरही रात्रीपर्यंत पलंगाखालून निघत नसेल तर तिला बाहेर नेऊ नका. हृदयविकार असलेली, ताणामुळे वारंवार लघवीचा त्रास होणारी किंवा सांधे दुखणारी मांजरं असतील तर पशुवैद्यांना विचारल्याशिवाय सुरुवातच करू नये. पिल्लांच्या बाबतीत साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यातले अनुभव मनावर सर्वांत खोल उमटतात. म्हणून लहानपणी वेगवेगळे आवाज, माणसं, स्पर्श अनुभवलेलं मांजर लवकर तयार होतं. दोन वर्षांची मांजरीही शिकते, तिला वेळ जास्त लागतो एवढंच.

बाहेर नेण्याआधीची तयारी: लसी पूर्ण झालेल्या हव्यात, रेबीजची धरून. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत आणि जमिनीवर कित्येक महिने टिकतो. इतर मांजरांशी गाठ पडणार असेल तर मांजरांच्या ल्युकेमिया या विषाणूजन्य आजाराच्या लसीबद्दलही विचारा. कातडीखाली बसवतात ती ओळखीची मायक्रोचिप बसवून घ्या आणि त्या पंधरा आकडी क्रमांकाच्या नोंदीत तुमचा सध्याचा फोन आहे ना ते बघा; जुना नंबर असलेली चिप निरुपयोगी. पिसवा, गोचीड आणि जंत यांची औषधं वेळच्या वेळी द्या. पण एक कळकळीचं सांगणं: कुत्र्यासाठी आणलेलं औषध मांजराला कधीही लावू नका. कुत्र्यांच्या अशा अनेक औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. मांजराच्या यकृताला ते नीट पचवून बाहेर टाकता येत नाही. अंग थरथरायला लागतं, झटके येतात, जीवही जातो. ‘थोडंसंच लावलं होतं’ असं म्हणत आणलेली मांजरं मी पाहिली आहेत.

आता हार्नेस. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी कधीच बांधायची नाही. मांजर पळताना पूर्ण वेगाने उसळतं आणि तो सगळा हिसका गळ्यावर येतो. त्यातून पट्टा सैल असेल तर मांजर निसटतं, कारण त्याच्या गळ्याजवळची हाडं इतर हाडांना घट्ट सांधलेली नसतात. स्नायूंत नुसती रुतलेली असतात. म्हणून डोकं शिरलं की खांदे मागोमाग शिरतात.

हार्नेसमधूनही ते निसटतं, आणि कसं निसटतं हे समजून घ्या. पुढे धावून नव्हे, मागे सरकून. घाबरलेलं मांजर अंग जमिनीला चिकटवतं, डोकं खाली घालतं, पुढचे पाय आखडून घेतं आणि उलटं सरकतं. दोन सेकंदांत हार्नेस तुमच्या हातात आणि मांजर बाहेर. त्यामुळे कुठलाही हार्नेस बाहेर वापरण्याआधी घरात दार बंद करून ही परीक्षा घ्या. ती हार्नेसला पूर्ण सरावली की मग दोरी तिच्या पाठीमागे नव्हे तर तोंडासमोर हलकी धरा आणि तिला मागे सरकू द्या. पुढच्या पायाचा कोपर पट्टीतून निघत असेल तर माप चुकलं आहे. मानेचा घेर आणि पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर अशी दोन मापं टेपने घ्या. वजनावरून आकार ठरवू नका. पट्टी आणि अंग यांच्यात एक बोट सहज जावं, दोन बोटं जेमतेम. लांब केसांच्या मांजरात केस दाबून मोजा, नाहीतर फुगीर केसांमुळे माप हमखास फसतं.

अरुंद पट्ट्यांचा हार्नेस अंगाला कमी जाणवतो; जाकिटासारखा हार्नेस ताण छातीभर पसरवतो, पण गरम होतो आणि सुरुवातीला जास्त जड वाटतो. तुमच्या मांजरीसारख्या लगेच आडवी पडणाऱ्या मांजराला मी अरुंद पट्ट्यांचा देते. वेल्क्रोचा टाळते, कारण त्याच्या ‘चर्र’ आवाजाने बरीच मांजरं दचकतात. दोरी पाठीवरच्या कडीला, दीड ते दोन मीटर, हलकी. बटण दाबून लांब-आखूड होणारी डबीवाली दोरी नको. हातातून सुटली की ती डबी खडखडत मांजराच्या मागे येते. ते जितकं पळतं तितकी ती पाठलाग करते.

आडवं पडण्याबद्दल. तो हट्ट नव्हे आणि नाटकही नव्हे. अंगाला सगळीकडून अनोळखी दाब जाणवला की बरीच मांजरं थिजतात: बसून राहतात, कुशीवर कलंडतात किंवा मागचे पाय विचित्र उचलत खुरडत चालतात. तेव्हा तिला उचलून उभी करणं म्हणजे आधीच गोंधळलेल्या जिवावर आणखी एक जबरदस्ती. हार्नेस शांतपणे काढा आणि दोन पायऱ्या मागे या.

पहिली पायरी म्हणजे हार्नेस तिच्या जेवणाच्या वाटीशेजारी नुसता पडून असू द्या. तिने त्यावर गाल घासला की तो घरातली वस्तू झाला. बकलच्या आवाजाची सवय वेगळी करून घ्या: खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून, बकल मुठीत दाबून आवाज बारीक करून लावा आणि लगेच खाऊ टाका. मग गळ्याची पट्टी कड्यासारखी समोर धरा आणि पलीकडच्या बाजूला तिचा सर्वांत आवडता खाऊ, शक्यतो चाटायचा. डोकं तिने स्वतः घालायचं. तुम्ही पट्टी तिच्याकडे नेली तर ती पायरी मोजू नका. डोकं घालून खाऊन झालं की काढून घ्या. त्या दिवशी एवढंच. पुढे पट्टी पाठीवर नुसती टेकवायची, मग बकल लावून लगेच काढायचं, मग बकल लावून जेवण द्यायचं, मग खेळवायचं. खेळ इथे फार उपयोगी पडतो. काठीच्या टोकाला पिसं बांधून ती जमिनीवरून सरकवा. दबा धरून बसलेल्या मांजरीला अंगात काय घातलं आहे याचा विसर पडतो. एका वेळेला तीन-चार मिनिटं पुरेत. काही मांजरं आठवड्यात तयार होतात, काहींना दोन महिने लागतात. पुढे जाण्याची खूण एकच: हार्नेस घातलेला असताना ती नेहमीच्या कपाटावर उडी मारते, खाते आणि शेपूट वर करून तुमच्याकडे येते. हे होईपर्यंत दोरी लावायची नाही.

दोरी लावल्यावर आधी ती मोकळी फरफटू द्या, नजर मात्र तिच्यावर ठेवा, कारण खुर्चीच्या पायात अडकून हिसका बसला तर आतापर्यंतची मेहनत वाया जाते. नंतर टोक हातात धरा आणि घरभर तिच्या मागे फिरा. दोरीला नेहमी झोल असावा. ती नको तिकडे निघाली तर ओढू नका. थांबा, दोरी तिथेच स्थिर धरा, खाली बसून हाक मारा आणि वळली की खाऊ द्या. हे घरात जमलं तरच बाहेर जमेल.

आणि मग कॅरिअर, म्हणजे मांजराला न्यायची दार असलेली पेटी. तो कपाटातून फक्त दवाखान्याच्या दिवशीच बाहेर निघत असेल तर आधी ते बदला. त्याचं दार उघडं टाकून, आत तिची रोजची चादर घालून तो कायम खोलीत ठेवा आणि अधूनमधून आतच खायला द्या. बाहेर नेताना मांजरी कॅरिअरमधूनच गेली पाहिजे, हार्नेस आणि दोरी आधीच लावून. याची दोन कारणं आहेत. तिच्या वासाचा एक तुकडा तिच्याबरोबर बाहेर येतो आणि लपायला जागा मिळते. आणि ती स्वतःच्या पायांनी उंबरठा ओलांडायला शिकत नाही. दुसरं कारण दाराशी ओरडण्याच्या बाबतीत फार कामाचं आहे, त्यावर पुढे येते.

पहिली जागा शक्य तितकी निरस निवडा: बंदिस्त गच्ची, कुंपणाचा कोपरा, मागचं अंगण. कुत्री, मुलं, वाहनं नकोत. वेळ शांततेची निवडा. मांजराला माणसाच्या तिपटीहून जास्त उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात, त्यामुळे आपल्याला शांत वाटणारी जागा तिला शांत असेलच असं नाही. कॅरिअर भिंतीला टेकवून ठेवा, दार उघडा, बाजूला बसा. बस्स. पहिल्या खेपेला ती बाहेरच आली नाही तरी चालेल. आत बसून हवा हुंगली, हे पुरेसं काम झालं. पाच-सात मिनिटांनी दार लावून घरी. अशा काही खेपांनंतर ती कॅरिअरभोवती घोटाळेल, आत जाईल, पुन्हा बाहेर येईल. ही येजा म्हणजेच तिचं फिरणं. बऱ्याच मांजरांची मजल आयुष्यभर पंधरावीस पावलांच्या परिघापलीकडे जात नाही आणि ती त्यात सुखी असतात.

तिच्याकडे सतत बघत राहा, फोन खिशात. शेपूट ताठ वर आणि टोक किंचित वळलेलं, कान पुढे, अंग सैल, मधेच गवत चघळणं किंवा जमिनीवर लोळणं, म्हणजे सगळं ठीक. अंग जमिनीलगत गेलं, कान आडवे पडले, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्या, शेपूट पोटाशी गेली किंवा आवडता खाऊही नाकारला तर वेळ संपली. तिला डोळे मोठे करून रोखून पाहू नका. तुमचे डोळे हळूच मिटून हळूच उघडा. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की माणसाने असे संथ डोळे मिचकावले की मांजरंही तसंच करतात आणि त्या माणसाजवळ जास्त येतात.

आता गाडीखालच्या प्रसंगाबद्दल. घाबरलेल्या मांजराला हाताने ओढून काढायचं नसतं. उचलून छातीशीही धरायचं नसतं. ते खांद्यावरून, डोक्यावरून चढून उडी मारतं. भीतीने किंवा दुसरं मांजर दिसल्याने खवळलेलं मांजर जवळ जो हात येईल त्याला चावतं, तो मालकाचा असला तरी. त्यात राग नसतो, तिचं अंग तेव्हा तिच्याही ताब्यात नसतं. अशा वेळी धोका आणि ती यांच्यामध्ये उभे राहा, दोरीला किंचित झोल ठेवा, कॅरिअरचं उघडं तोंड तिच्यासमोर सरकवा आणि बोलू नका. ओळखीच्या वासाची अंधारी जागा समोर असली की बहुतेक मांजरं स्वतःहून आत जातात. कुत्रा अंगावरच येत असेल तर जाड टॉवेल टाकून तिला गुंडाळा आणि आत ठेवा. म्हणून टॉवेल नेहमी बरोबर हवा. घरी आल्यावर शांत खोलीत काही तास एकटी सोडा.

चावलीच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मांजराचे दात सुईसारखे बारीक असतात. जखम दिसते छोटी, पण जंतू खोलवर जातात आणि हात दुसऱ्या दिवशीपर्यंत सुजतो. रेबीजबद्दलचा निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा, तुम्ही नाही.

ती निसटली तर मागे धावू नका. घरातलं मांजर सहसा लांब पळत नाही, जवळच कुठेतरी अंग चोरून गप्प बसतं. हरवलेल्या मांजरांवरच्या २०१८ च्या एका अभ्यासात सापडलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मांजरं निसटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आतच मिळाली. जिन्याखाली, झुडपात, फटींत टॉर्च मारून बघा. रात्री रहदारी थांबल्यावर पुन्हा बघा.

ऊन, झाडं, रसायनं यांबद्दल थोडक्यात. हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद ठेवता येत नसेल तर तिच्या तळव्यांनाही ती जमीन नको. कुत्र्याचं धापा टाकणं नेहमीचं. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर लगेच घरी. लिली असलेल्या बागेत नेऊच नका: पान, फूल, अंगावर पडलेले परागकण चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. उंदरांचं औषध किंवा कीटकनाशक फवारलेली जागा टाळा.

राहिलं दाराशी ओरडणं. इथे एक धोका आहे. बाहेरची चव लागलेली मांजरी आधीपेक्षा जास्त ओरडू शकते, आणि ओरडल्यावर तिला नेलं की तिने तुम्हाला शिकवलं असं होतं. म्हणून ठरलेली वेळ ठेवा, हार्नेस दारापासून दूरच्या खोलीत घाला, कॅरिअरमधूनच न्या, आणि ती ओरडत असेल तर गप्प होईपर्यंत निघू नका. परत आल्याबरोबर जेवण द्या, म्हणजे घरी येणं हीही तिच्यासाठी आनंदाची गोष्ट होते. रोज नेणं जमणार नसेल तर आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी न्या. कधी रोज तर कधी महिनाभर नाही, हे सर्वांत वाईट.

तुमच्या मांजरीच्या बाबतीत मी हार्नेसला हात लावण्याआधी दोन आठवडे वेगळंच करून बघायला सांगेन: ओरडण्याच्या वेळेच्या अर्धा तास आधी दहा मिनिटं कसून शिकारीचा खेळ, शेवटी पकडलेलं भक्ष्य तिच्या तोंडात आणि लगेच जेवण. २०२१ मध्ये एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं की रोज पाच-दहा मिनिटं असा खेळ घेतला तर मोकळ्या फिरणाऱ्या मांजरांनी घरी आणलेली शिकार एक चतुर्थांशाने कमी झाली, म्हणजे खेळाने ही ऊर्मी काही अंशी भागते. खेळाने ओरडणं थांबलं तर तिला बाहेर नको होतं, शिकार हवी होती. तरीही ती दाराशीच बसून राहिली, तर वाटीशेजारी हार्नेस ठेवून सुरुवात करा. तीन महिन्यांनंतरही हार्नेस पाहून ती पळून जात असेल तर तो कुणाला तरी देऊन टाका आणि त्या खिडकीला पक्की जाळी लावून आत रुंद फळी ठोका, तिला बसून बाहेरचा वारा आणि वास घेता येईल अशी.